सहा फुटांवरून परतलेले विमान

नियंत्रण कक्षातून सांगितलेल्या एका आकड्यात शून्याच्या जागी एक आला आणि १७८ जणांना घेऊन उतरणारे विमान जमिनीला टेकता टेकता राहिले. विमानाला आपली उंची कळते कशी आणि ती चुकते कशी, याची ही गोष्ट.

२३ मे २०२२ ची दुपार. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर ढग खाली आले होते, पाऊस पडत होता. स्टॉकहोमहून निघालेले एअरबस ए३२० जातीचे विमान धावपट्टीच्या दिशेने उतरत होते. आत १७२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. वैमानिकांसमोरच्या यंत्रांवर सगळे ठीक दिसत होते. विमान ठरलेल्या उतरत्या रेषेवर होते, चाके खाली काढलेली होती. बाहेर मात्र ढगांशिवाय काही दिसत नव्हते.

अशा वेळी नियम साधा असतो. एका ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचे. तोवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर न्यायचे. ती उंची आली, काहीच दिसले नाही आणि वैमानिकांनी विमान वर घेतले. त्यांच्या दृष्टीने ही नेहमीचीच बाब होती, कारण यंत्राप्रमाणे जमीन अजून बरीच खाली होती.

प्रत्यक्षात वर वळण्यापूर्वी ते विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याएवढ्या अंतरावर आले होते. धावपट्टीचे टोक तिथून जवळजवळ दीड किलोमीटर पुढे होते. वर जाण्याचा निर्णय एखादा सेकंद उशिरा झाला असता, तर विमान धावपट्टीऐवजी मोकळ्या जमिनीवर आदळले असते. आपण इतके खाली गेलो होतो, याची वैमानिकांना त्या वेळी कल्पनाही नव्हती.

फ्रान्सच्या ‘बीईए’ या अपघात तपास संस्थेने या घटनेचा तपास केला आणि २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. विमानात बिघाड नव्हता. इंजिने, संगणक, उंची दाखवणारी यंत्रे, सगळे व्यवस्थित काम करत होते. चुकला होता फक्त एक आकडा. त्या दिवशी विमानतळावर हवेचा दाब १००१ हेक्टोपास्कल होता. नियंत्रण कक्षातून वैमानिकांना सांगितला गेला १०११.

काटा मोजतो दाब

चक्रीवादळाच्या बातम्यांमुळे हेक्टोपास्कल हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. हवेच्या दाबाचे हे एकक. पण हवेच्या दाबाचा विमानाच्या उंचीशी संबंध काय?

हवेला वजन असते. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर वातावरणाचा सगळा थर असतो. तो डोंगरावर गेला की त्यातला काही भाग खाली राहतो, डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब घटतो. १६४८ मध्ये ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम नावाचा डोंगर चढला. माथ्यावर नळीतला पारा खाली उतरलेला दिसला. उंची वाढली की दाब कमी होतो, हे त्यातून सिद्ध झाले. दाबाच्या एककाला आज याच पास्कालचे नाव आहे.

विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, याच तत्त्वावर चालतो. जुन्या यंत्रात हवाबंद पातळ धातूची डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते आणि काटा फिरतो. आधुनिक विमानात डबीची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आहे, पण तत्त्व तेच. यंत्र दाब मोजते आणि त्याचे रूपांतर फुटांत करून दाखवते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब घटला, तर यंत्राच्या हिशेबाने विमान सुमारे २८ फूट वर गेलेले असते.

अडचण अशी की, हवेचा दाब केवळ उंचीने बदलत नाही, तो हवामानानेही बदलतो. मुंबईत जानेवारीत असणारा दाब आणि ऐन पावसाळ्यातला दाब यांत साधारण आठ-दहा हेक्टोपास्कलचा फरक असतो. समजा, जानेवारीत एखादे विमान मुंबईच्या विमानतळावर उभे करून ठेवले आणि त्याच्या उंचीमापकाला जुलैपर्यंत कुणी हात लावला नाही. विमान जागचे हललेले नसते, तरी यंत्र म्हणेल की ते दोन-अडीचशे फूट वर गेले आहे. पावसाळ्यात दाब घटला आणि यंत्राने त्याचा अर्थ उंची वाढली असा लावला.

म्हणून उंचीमापकाला आजचा दाब सांगावा लागतो. त्यासाठी एक खुंटी फिरवून छोट्या खिडकीत दाबाचा आकडा लावण्याची सोय असते. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या पॉल कोल्समन या अभियंत्याने १९२८ मध्ये असा अचूक उंचीमापक तयार केला. पुढच्याच वर्षी जिमी डूलिटल या वैमानिकाने बाहेर काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या भरवशावर उड्डाण करून विमान पुन्हा उतरवून दाखवले. त्यात या यंत्राचा मोठा वाटा होता. आकडा लावायच्या खिडकीला आजही ‘कोल्समन विंडो’ म्हणतात.

या खिडकीत कोणता आकडा लावायचा, याचेही नियम आहेत. विमान बरेच वर असताना जगभरातले वैमानिक १०१३ हा एकच प्रमाण आकडा लावतात. खाली खरा दाब किती आहे याला तिथे महत्त्व नसते. सगळ्यांची मोजपट्टी एकच असली, की दोन विमानांमधले अंतर बरोबर राखता येते. उतरताना मात्र जमीन किती खाली आहे हे महत्त्वाचे होते. म्हणून एका ठरलेल्या पातळीखाली आल्यावर १०१३ काढून त्या विमानतळाचा त्या वेळचा दाब लावला जातो. हा दाब समुद्रसपाटीच्या हिशेबात सांगितलेला असतो. वैमानिकांच्या भाषेत त्याला तारायंत्राच्या काळापासून चालत आलेले ‘क्यूएनएच’ हे सांकेतिक नाव आहे. तो बरोबर लावला, तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरलेल्या विमानाचा उंचीमापक शून्य न दाखवता १,९४० फुटांच्या आसपास दाखवतो, कारण लोहगाव समुद्रसपाटीपासून तेवढे उंच आहे.

पॅरिसच्या वैमानिकांनी १०११ लावला, खरा दाब होता १००१. फरक दहा हेक्टोपास्कलचा, म्हणजे सुमारे २८० फुटांचा. यंत्र जी उंची दाखवत होते, त्यापेक्षा विमान सतत २८० फूट खाली होते.

परत म्हणून दाखवले, तरीही

आकाशातल्या संभाषणात चुका होणार, हे विमानवाहतुकीने फार पूर्वी मान्य केले आहे. म्हणून नियंत्रकाने उंची, दिशा किंवा दाब सांगितला, की वैमानिकाने तो तसाच परत म्हणून दाखवायचा असतो. नियंत्रकाने तो लक्ष देऊन ऐकायचा आणि चुकला असेल तर लगेच दुरुस्त करायचा. या दुहेरी ऐकण्यावर रोजच्या हजारो उड्डाणांची सुरक्षितता उभी आहे.

पॅरिसमध्येही हा शिरस्ता पाळला गेला. नियंत्रकाने खाली उतरण्याची परवानगी देताना १०११ सांगितले. वैमानिकाने १०११ असेच परत म्हटले. थोड्या वेळाने पुढची परवानगी देतानाही तोच आकडा आला आणि तोही बरोबर परत म्हटला गेला. जे बोलले गेले, तेच ऐकले गेले होते. पण जे बोलले गेले, तेच चुकीचे होते. परत म्हणून दाखवण्याने आकडा नीट पोहोचला की नाही, एवढेच कळते. तो आकडा खरा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

चूक उघडी पडण्याच्या संधी आल्या होत्या. त्याच नियंत्रकाने दुसऱ्या एका विमानालाही इंग्रजीत १०११ सांगितले. त्या वैमानिकांनी परत म्हणताना १००१ असा बरोबर आकडा म्हटला. आपण सांगितलेला आकडा आणि परत आलेला आकडा वेगळा आहे, हे नियंत्रकाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर एका फ्रेंच विमानाशी बोलताना त्याने १००१ हा बरोबर आकडा सांगितला, पण तो फ्रेंचमध्ये. पॅरिसला नियंत्रक फ्रेंच वैमानिकांशी फ्रेंचमध्ये आणि इतरांशी इंग्रजीत बोलतात. एकाच ध्वनिलहरीवर सगळ्यांचे बोलणे सगळ्यांना ऐकू येते, पण समजतेच असे नाही. स्टॉकहोमहून आलेल्या वैमानिकांच्या कानावर तो आकडा पडला असता तरी त्याचा त्यांना उपयोग नव्हता.

विमानतळाची हवामानविषयक माहिती सतत प्रसारित होत असते. वारा, ढग, दृश्यमानता आणि दाब, सगळे त्यात असते. त्या माहितीत दाब १००१ होता. म्हणजे खरा आकडा उपलब्ध होता. नियंत्रकाने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहिला असता, तर दहाचा फरक चटकन दिसला असता. उतरण्याच्या धावपळीत ते राहून गेले.

कान अपेक्षा ऐकतो

एवढी प्रशिक्षित माणसे चार अंकांत कशी चुकतात, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे.

मराठी माणसाला हा अनुभव रोजचा आहे. फोनवर कुणी ‘त्रेपन्न’ म्हणाले तर ते ‘त्रेसष्ट’ ऐकू येते. ‘एकोणसाठ’ लिहायचे असताना हात सहावर जातो. गोंगाट असेल, बोलणारा घाईत असेल, तर गडबड जास्त. अशा वेळी मेंदू हातावर हात ठेवून बसत नाही. ऐकू न आलेला भाग तो स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि तो भरल्याचे आपल्याला कळूही देत नाही. जो आकडा येईल असे वाटत असते, तोच ऐकू येतो. नियंत्रकाच्या बाबतीतही असेच होते. स्वतः काय सांगितले हे त्याला पक्के ठाऊक असते, त्यामुळे समोरून वेगळे काही आले तरी कानाला आपलेच शब्द ऐकू येतात. त्यात तो एकाच वेळी अनेक विमानांशी बोलत असतो.

दाबाच्या आकड्यांची आणखी एक अडचण आहे. ते बहुतेक वेळा एकमेकांच्या जवळपास असतात. हजाराच्या आगेमागे, पंधरा-वीस इकडे किंवा तिकडे. १०११ हा आकडा ऐकून कुणी दचकावे, असे त्यात काहीच नाही. कुणी १११० म्हटले असते, तर वैमानिकाने लगेच विचारले असते. अशक्य वाटणारी चूक पकडली जाते. शक्य वाटणारी निसटते.

विमानवाहतुकीच्या भाषेत यावर काही उपाय केलेले आहेत. आकडे एकेक अंक सुटा करून म्हणायचे असतात. इंग्रजीतला नऊ ‘नाइन’ न म्हणता ‘नाइनर’ म्हणतात, तीनला ‘ट्री’ आणि पाचला ‘फाइफ’. हे उच्चार कानाला विचित्र वाटतात, पण खरखरत्या रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत होऊ नये म्हणून ते मुद्दाम ठरवलेले आहेत.

एककांचा घोळ आणखी वेगळा. भारत आणि युरोपात दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, तर अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. इंचांच्या हिशेबात प्रमाण दाब २९.९२ इतका येतो. बोलताना पुढचा दोन गाळून ‘नऊ नऊ दोन’ म्हणण्याची सवय काहींना असते. आता एखादा अमेरिकी वैमानिक हेक्टोपास्कल वापरणाऱ्या देशात आला आणि वादळी हवेत त्याला ‘९९२’ असा आकडा मिळाला, तर त्याचा हात सवयीने २९.९२ इंचांवर जाऊ शकतो. खरे तर ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे २९.२९ इंच. या एका गफलतीने उंचीमापक सुमारे ६०० फूट जास्त दाखवतो. या गोंधळाचा इशारा वैमानिकांना प्रशिक्षणातच दिला जातो.

सगळी यंत्रे एकाच सुरात

पॅरिसच्या घटनेतला सर्वांत काळजीचा भाग पुढेच आहे. विमानात उंचीमापक एकच नसतो. दोन्ही वैमानिकांसमोर स्वतंत्र यंत्र असते आणि दोघांनी ती एकमेकांशी जुळवून पाहायची असतात. ती जुळली असतीलच, कारण दोन्हींत तोच चुकीचा आकडा होता. उतरताना ‘अमुक अंतरावर अमुक उंची हवी’ असा तक्ताही वैमानिकांकडे असतो. पण उंची त्याच चुकलेल्या यंत्रावर वाचायची असल्याने तक्ताही जुळत राहतो. खोट्या साक्षीदाराची खातरजमा त्याच्याच भावाकडून करून घ्यावी, तसा हा प्रकार.

एरवी मोठ्या विमानतळांवर जमिनीवरून रेडिओलहरींचा एक उतरता किरण सोडलेला असतो. ‘आयएलएस’ या नावाने ती यंत्रणा ओळखली जाते. विमान त्या किरणावरून घसरगुंडीसारखे खाली येते. किरण जमिनीला खिळलेला असल्याने दाबाचा आकडा चुकला, तरी उतरण्याची रेषा चुकत नाही. त्या दिवशी संबंधित धावपट्टीची आयएलएस यंत्रणा बंद होती. म्हणून विमान उपग्रहांच्या मदतीने दिशा पकडून आणि हवेच्या दाबावरून उंची ठरवत उतरत होते. ही पद्धत अधिकृत आहे, जगभर वापरली जाते. पण तिची खालची रेषा पूर्णपणे त्या एका आकड्यावर उभी असते. आकडा २८० फुटांनी चुकला आणि अख्खी रेषा तेवढीच खाली सरकली. संगणक विमानाला त्या चुकीच्या रेषेवर अगदी बिनचूक नेत राहिला.

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही विमानात होते. ते बोलले नाही. चाके काढून धावपट्टीच्या दिशेने उतरणारे विमान जमिनीजवळ येणारच, म्हणून अशा वेळी ते यंत्र विनाकारण ओरडू नये, अशी त्याची रचना असते. विमानतळाच्या मनोऱ्यात मात्र नियंत्रकाच्या पडद्यावर धोक्याचा इशारा वाजला. काही सेकंदांनी त्याने वैमानिकांना त्याबद्दल सांगितले आणि धावपट्टी दिसते का, असे विचारले. अशा प्रसंगासाठी ठरवून दिलेली, उंची आणि दाब तपासायला सांगणारी वाक्ये त्यात नव्हती. तो संदेश संपेपर्यंत विमान जमिनीच्या अगदी जवळ येऊन वर वळत होते.

गोष्ट इथेही संपली नाही. विमान फेरी मारून दुसऱ्यांदा उतरायला आले, तेव्हाही खिडकीत १०११ हाच आकडा होता. पहिल्या वेळी काय घडले हेच कुणाला उमगले नसल्याने आकडा बदलण्याचे कारणही कुणाला दिसले नाही. या वेळी मात्र धावपट्टी वेळेत दिसली. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची एक ओळ असते. विमान योग्य रेषेवर असेल तर त्यातले दोन दिवे पांढरे आणि दोन लाल दिसतात. फार खाली असेल तर चारही लाल. ते दिवे पाहून वैमानिकांनी विमानाची रेषा हाताने सुधारली आणि ते सुखरूप उतरवले. हवेच्या दाबाशी ज्याचा काहीही संबंध नाही, असा हा पहिलाच साक्षीदार त्यांना भेटला होता.

जुने दाखले

दाबाच्या आकड्याने विमान अडचणीत येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १२ नोव्हेंबर १९९५ च्या मध्यरात्री शिकागोहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे विमान कनेटिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावर उतरत होते. वादळी वारा होता आणि दाब झपाट्याने घटत होता. वैमानिकांकडचा आकडा शिळा झाला होता, उंचीमापक सत्तर फुटांच्या आसपास जास्त दाखवत होता. त्यात विमान ठरलेल्या किमान उंचीच्याही खाली गेले आणि धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवरच्या झाडांना घासले. इंजिनांना मार बसूनही वैमानिकांनी ते विमानतळाच्या आवारात उतरवले आणि सर्व ७८ जण वाचले. मुख्य चूक किमान उंची न पाळण्याची होती. पण नियंत्रकाने ताजा दाब कळवला नाही आणि वैमानिकांनीही तो मागितला नाही, हेही अमेरिकी तपास संस्थेने कारणांत नोंदवले.

बरोबर एक वर्षानंतर, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, भारतात हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जम्बो जेट आणि कझाकस्तानचे मालवाहू बनावटीचे विमान यांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. तिथे चूक दाबाच्या आकड्याची नव्हती. एकाला १५ हजार आणि दुसऱ्याला १४ हजार फुटांची पातळी दिलेली होती आणि कझाक विमान आपली पातळी सोडून खाली आले. भाषेची अडचण आणि विमानकक्षातला विस्कळीत संवाद यांचा त्यात वाटा होता. मात्र धडा तोच होता. केवळ रेडिओवरच्या शब्दांवर दोन विमानांमधले अंतर सोडून चालत नाही. त्यानंतर भारताने विमानांमध्ये टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. ही यंत्रणा समोरच्या विमानाशी थेट संकेतांची देवाणघेवाण करते आणि धोका दिसला, तर कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगते.

दुसरा साक्षीदार हवा

पॅरिसच्या घटनेनंतरचे उपायही याच दिशेने जातात. विमानाच्या खिडकीत कोणता आकडा लावला आहे, हे आज रेडिओ संकेतांतून आपोआप जमिनीवर पाठवता येते. ब्रिटनच्या नियंत्रण सेवेत असे एक साधन वापरले जाते. विमानाने लावलेला दाब आणि विमानतळावरचा खरा दाब यांची तुलना संगणक करतो आणि फरक दिसला की नियंत्रकाच्या पडद्यावर खूण उमटते. कोण काय बोलले आणि कुणी काय ऐकले, याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. अशी सोय सर्वत्र असती, तर २८० फुटांची चूक विमान कित्येक किलोमीटर दूर असतानाच दिसली असती.

दुसरा मार्ग म्हणजे उंचीसाठीही हवेच्या दाबाऐवजी उपग्रहांचा आधार घेणे. साध्या जीपीएसची उभ्या दिशेतली अचूकता त्यासाठी पुरत नाही, ती सुधारावी लागते. भारतात इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून यासाठी ‘गगन’ ही यंत्रणा उभारली आहे. पॅरिसच्या घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल २०२२ मध्ये, राजस्थानातील किशनगड विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’च्या आधाराने उतरवून दाखवण्यात आले. या पद्धतीत शेवटची उतरती रेषा दाबाच्या आकड्यावर अवलंबून नसते. ज्या छोट्या विमानतळांवर आयएलएस बसवणे परवडत नाही, तिथे तिचा मोठा उपयोग आहे.

यंत्रे येईपर्यंत, आणि आल्यावरही, माणसाच्या सवयी महत्त्वाच्या राहतात. नियंत्रकाने सांगितलेला दाब प्रसारित माहितीतल्या दाबाशी ताडून पाहणे, याला पैसा लागत नाही. दोन आकडे जुळले नाहीत, तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला काही सेकंद लागतात. आणि पॅरिसमध्ये शेवटी १७८ जणांना वाचवणारी गोष्टही सवयच होती. ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही, तर वर जायचे. ‘अजून थोडे खाली जाऊन पाहू’ हा मोह वैमानिकांनी धरला नाही. उंची चुकीची होती, तरी शिस्त खरी होती.

विमानतळावरून दवाखान्यात

परत म्हणून दाखवण्याची ही पद्धत आता रुग्णालयांनीही उचलली आहे. डॉक्टर फोनवरून औषध सांगतात आणि परिचारिका ते लिहून घेते, हे दृश्य कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दिसते. इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात. एका गफलतीने औषधाची मात्रा तिप्पट-चौपट होऊ शकते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००३ पासून तोंडी दिलेली सूचना लिहून घेऊन ती डॉक्टरांना परत वाचून दाखवण्याचा आग्रह धरला.

पॅरिसचा धडा इथेही लागू होतो. डॉक्टरांच्याच तोंडून चुकीची मात्रा गेली असेल, तर ती कितीही अचूक परत वाचली तरी चूकच राहते. म्हणून परत वाचण्याबरोबर आणखी एक तपासणी लागते, आणि ती वेगळ्या जागेवरून व्हावी लागते. केसपेपरवर आधी काय लिहिले आहे, रुग्णाचे वजन किती, बाटलीवरची चिठ्ठी काय सांगते, नेहमीची मात्रा किती असते, हे पाहणे म्हणजे धावपट्टीशेजारचे दिवे पाहणे.

घरीही हे करता येते. आईवडिलांच्या गोळ्यांबद्दल फोनवर विचारताना ‘पन्नास’ ऐकू आले, तर ‘पाच-शून्य का?’ असे विचारून घ्यावे. मग डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिच्यावरचा आकडाही पाहावा. दोन्ही जुळले तर गोळी द्यावी. जुळले नाहीत, तर द्यायच्या आधी पुन्हा फोन करावा.